कपाटाचं सील

"शालूबाई, सीलाला हात लावू नका!" चौगुले गुरुजी ओरडलेच.

शालूबाईंनी हात मागं घेतला, पण स्वतः मागं सरल्या नाहीत. शेजारी त्यांची लेक हौसा उभी होती. चापूनचोपून वेणी घातलेली, हातात मिरजेहून आलेला कागद. नर्सिंगच्या कोर्सला तिचं नाव लागलं होतं. उद्या दुपारपर्यंत शाळेचा दाखला हजर करायचा आणि त्यावर सतरा वर्षं पुरी दिसली पाहिजेत. नाही दिसली तर नाव कटणार, आणि चुलत्यानं ठरवलेल्या बिजवराशी श्रावणाआधी लग्न उरकणार. नवरदेव हौसाच्या बापाच्या वयाचा. हौसानं घरात साफ सांगितलं होतं, जीव गेला तरी बोहल्यावर चढणार न्हाई.

दाखला लिहायचा तर जन्मतारीख हवी. जन्मतारीख जनरल रजिस्टरात, रजिस्टर कपाटात, कपाटाला कुलूप आणि कुलपावर लाखेचं सील. आटपाडीच्या पुढची ही दोन मास्तरांची शाळा. तिचे हेडमास्तर जोतीराम सर चैत्रात एकाएकी वारले. किल्ली कुठं ठेवली होती ते कुणालाच सांगून गेले नाहीत. मग तालुक्याचे शाळा तपासणारे साहेब आले. गाव त्यांना अजून दिपोटीच म्हणायचं. त्यांनी कुलपाला सील ठोकलं, 'परवानगीशिवाय उघडू नये' अशी चिठ्ठी डकवली आणि दोन कप चहा पिऊन गेले.

हेडमास्तरकी जिनदत्त चौगुल्यांच्या गळ्यात पडली. खुर्ची मिळाली, कपाट नाही. तीन महिन्यांत त्यांनी चार अर्ज केले. तालुका म्हणाला जिल्ह्याला विचारा. जिल्हा म्हणाला तालुक्यामार्फत या. चौथ्या अर्जाला उत्तर आलं की कपाट ज्यांच्या ताब्यात होतं त्यांचं संमतीपत्र जोडावं. ताबेदार तर स्मशानात जाऊन बसलेले! आता तिथं कागद घेऊन कोण जाणार? गुरुजींनी मुकाट्यानं पाचवा अर्ज लिहायला घेतला होता.

"मी काय करू सांगा," गुरुजी म्हणाले. "एकोणीस वर्षं नोकरी झाली माझी. एक ठपका नाही. वरून परवानगी आली की पाच मिनिटांत दाखला देतो."

"आवं गुरुजी, ही माझ्या पोटची हाय," शालूबाईंचा आवाज चढला. "सतरा वर्सं माझ्या पुढ्यात वाढली. आन् हिचं वय त्या कपाटानं सांगायचं व्हय? उद्या तिला त्या म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधत्याल, तवा तुमचा दिपोटी येनार हाय का सोडवायला?"

गुरुजींना शरम वाटली. हौसा सातवीत केंद्रात पहिली आली होती, आणि तिचा पेपर शाळाभर फिरवून दाखवणारे हेच चौगुले गुरुजी होते.

हौसा इतका वेळ कपाटच बघत होती. "गुरुजी," ती म्हणाली, "सील कुलपाला हाय. बिजागऱ्यांना कुठं हाय?"

तिनं आईच्या कमरेचा विळा ओढला आणि त्याचं टोक बिजागरीच्या स्क्रूत घातलं. स्क्रू गंजलेला, विळा निसटला.

"थांब!" गुरुजी म्हणाले.

हौसाचा चेहरा पडला. गुरुजी तरातरा बाहेर गेले. सायकलच्या पिशवीतला स्क्रू-ड्रायव्हर घेऊन परत आले, धोतराचा सोगा खोचला आणि खाली बसले. "विळ्यानं नाही निघायचे ते. सरक बाजूला." स्क्रू एकेक करून बाहेर येऊ लागले. सहावा निघाला तसा कपाटाचा दरवाजा सील आणि कुलपासकट एका अंगाला लोंबला.

रजिस्टर वरच होतं. हौसाची जन्मतारीख एक जून एकोणीसशे सत्तावन्न. जोतीराम सर गावातल्या निम्म्या पोरांना एक जूनलाच जन्माला घालायचे. गुरुजींनी बोटांवर मोजलं. सतरा पुरी, वर दीड महिना.

"बसली गं बया!" शालूबाईंनी लेकीला मिठीच मारली.

दाखल्यांचं पुस्तक काढायला गुरुजींनी खालचा गठ्ठा सोडला, तर वरच एक सरकारी परिपत्रक. दोन वर्षांपूर्वीचं. मुख्याध्यापकाची जागा अचानक रिकामी झाल्यास प्रभारी शिक्षकाने दोन साक्षीदारांसमोर कपाट उघडून ताबा घ्यावा, वेगळ्या परवानगीची आवश्यकता नाही. गुरुजींनी ते दोनदा वाचलं. तीन महिने ज्या परवानगीसाठी नाक घासलं ती या कपाटातच कुलूपबंद होती! त्यांना हसू यायला हवं होतं. आला तो राग. जन्मात एकदा मनानं काही केलं, तर त्याचीही मुभा आधीच देऊन ठेवलेली!

"काय झालं गुरुजी?" हौसानं विचारलं.

"काही नाही. नाव नीट वाचून बघ." त्यांनी दाखला लिहिला, शिक्का मारला आणि कपाटाचं दार स्क्रू पिळून पुन्हा जागेवर बसवलं. सकाळच्या एसटीनं हौसा मिरजेला गेली.

पंधरा दिवसांनी दिपोटी आले. सील जागच्या जागी, पण बिजागऱ्यांचे स्क्रू घासून चकाकणारे. ते चहाला थांबले नाहीत. आठवड्यात मेमो आला: कपाट कोणाच्या परवानगीने उघडले, याचा चोवीस तासांत लेखी खुलासा करावा, अन्यथा कारवाई होईल.

परिपत्रक समोर टेबलावरच होतं. नुसतं टाचलं असतं तरी भागलं असतं. चौगुले गुरुजींनी त्याची घडी घातली, खिशात ठेवली आणि खुलाशाच्या कागदावर एकच शब्द लिहून खाली सही केली.

'माझ्या.'