सहा महिन्यांची साक्ष
चर्चमध्ये साक्ष देण्याआधीच पास्टरांनी सलोमीला बजावलं होतं, "नुसत्या प्रार्थनेनं टीबी गेला, एवढंच सांग. लोकांचा विश्वास वाढतो." मागच्या महिन्यात अशीच एक साक्ष ऐकून मंडळीतल्या आधारभाऊंनी टीबीच्या गोळ्या बंद केल्या होत्या आणि आता ते शेवटच्या बाकावर खोकत होते. सलोमीनं माईक घेऊन पिशवीतली गोळ्यांची रिकामी पाकिटं सभेसमोर धरली. "ही सहा महिन्यांची, भडगावच्या सरकारी दवाखान्यातली. रोज गुडघे टेकून देवाचे आभार मानायची, मग गोळी गिळायची." माईक परत घ्यायला पास्टरांनी हात पुढे केला. तिनं सोडला नाही. "थांबा, पास्टर. ज्यानं जगवलं, त्याच्याच घरात उभी राहून खोटं बोलू?" कुणीच आमेन म्हटलं नाही. ती आधारभाऊंकडे पाहून अहिराणीत म्हणाली, "भाऊ, सकाय मनासंगे दवाखानामा चाला." मग सगळ्या सभेकडे वळून म्हणाली, "आते बठ्ठा आमेन म्हना." पहिलं आमेन त्या खोकल्यातूनच आलं.