काढा

आम्हाला मूलबाळ नाही. पुतण्यालाच आपलं मानलं. त्यालाही मूल होत नव्हतं, म्हणून तो आणि सून यांच्याबरोबर दवाखान्यात आम्ही दोघंही गेलो होतो. डॉक्टरीणबाई औषध लिहू लागल्या, तशी सून सवयीने म्हणाली, "दिवसातून किती वेळा घेऊ?"

"तुम्ही नाही घ्यायचं. तुमच्यात दोष नाही, यांचे शुक्राणू सुस्त आहेत. प्रयोगशाळेत औषध त्या शुक्राणूंनाच देऊ, म्हणजे पळायला लागतील."

पुतण्या ओशाळून हसला. "आमच्या घराण्यातच आळस आहे, काकू!"

सून हसली, मीही हसले. हे मात्र खुर्चीवरून उठले.

जिना उतरताना ह्यांनी माझं मनगट धरलं. पायरीवर थांबून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "मुलासाठी तू इतकी वर्षं काढे प्यायलीस. फार कडू असायचे का गं?"