भिंतीतली हजेरी

"गेनू बाबाजी ठोंगे, हाजिर होऽऽ!" पट्टेवाल्या रघुवीरनं सवयीनं पुकारा केला आणि जीभ चावली. ठोंगेआजोबा गेल्या महिन्यात वारले होते. पण यादीवर अजून त्यांचंच नाव होतं, आणि पुकारा तीनदा करायचा असा रिवाज. त्यानं दबक्या आवाजात आणखी दोनदा नाव घेतलं.

"आलो, आलो साहेब," बाकामागच्या भिंतीतून आवाज आला. पाठोपाठ तोच ओळखीचा खोकला.

सगळे जागच्या जागी थिजले. न्यायालयाची ही भिंत बुरशीच्या जिवंत विटांची होती. पंख्यांवाचून दालन गार राहावं आणि गोंगाट तिच्यातच जिरावा, म्हणून ती वाढवली होती. अकरा वर्षं आजोबा त्याच बाकावर बसून पुकाऱ्याला आणि तारखेला तीच उत्तरं देत आले. ती भिंतीत मुरली होती.

आज त्यांच्या घराच्या जागेच्या दाव्याची शेवटची सुनावणी होती. बाकावर आजोबांची मुलगी अनसूया बसली होती.

न्यायाधीशांनी कपाळावरचा घाम पुसला. "आज नको. पुढची तारीख घ्या."

"बरं साहेब. येतो," भिंत नम्रपणे म्हणाली.

"मेल्यावरही म्हातारा तारखा घेतोय," एक वकील पुटपुटला.

अनसूयानं भिंतीवर हात ठेवला. "साहेब, तारीख दिलीत की बाबा येणारच. आता त्यांना सोडा. आजच ऐका."

मग न्यायाधीशांनी फाईल उघडली. "ठीक आहे. आज निकाल देतो."

भिंतीतून काहीच आलं नाही. अकरा वर्षांत हे वाक्य आजोबांना कोणी ऐकवलंच नव्हतं. त्याचं उत्तर भिंतीकडे नव्हतं.