फेरफटका

उभी हयात पायी टपाल वाटलेल्या सासूबाईंच्या गुडघ्यांनी आता जिन्यापुढे हात टेकले होते. पालिकेच्या प्राणी निवाऱ्यातून आणलेल्या त्यांच्या म्हाताऱ्या कुत्र्याचीही हळूहळू तीच गत झाली. त्याचं खाणं आणि औषधपाणी पालिका बघायची. अट एकच होती, त्याला रोज बाहेर फिरवायचं. नाहीतर तो परत द्यायचा. एवढं मोठं धूड उचलून तीन मजले उतरणं सुनेच्या आवाक्यातलं नव्हतं. आणि तो घरात आल्यापासून तर गप्प गप्प झालेल्या सासूबाई पुन्हा बोलायला लागल्या होत्या.

दुपारी पालिकेच्या पाहणीवाल्या बाई आल्या.

"फिरवता ना रोज?" त्यांनी दारातच विचारलं.

खोटं सुनेच्या अगदी जिभेवर होतं, पण बाहेर पडेना. "दोघांनाही जिना उतरवत नाही हो," ती म्हणाली आणि त्यांना आतल्या खोलीत घेऊन गेली.

पडद्यातून मऊ ऊन आलं होतं. सासूबाई आरामखुर्चीत गाढ झोपल्या होत्या, हात खाली कुत्र्याच्या पाठीवर. झोपेतच त्याचे चारही पाय भराभर पळत होते. चादरीखाली सासूबाईंची पावलंही हलत होती आणि चेहऱ्यावर वारा लागल्यासारखं हसू होतं.

सून सासूबाईंना हाक मारणार, तोच बाईंनी तिचा हात धरला.

"राहू द्या," त्या हळूच म्हणाल्या. "परत आल्या की सांगा, कुत्रा त्यांच्याकडेच राहील."