चौथा पिस्टन

पार्ट्सवाल्या शेठने पहिला पिस्टन काउंटरवर ठेवला, तेव्हाच मिस्त्रीच्या मनात पाल चुकचुकली. खोका जरा जास्तच चकचकीत होता. ज्या मोटरसायकलसाठी तो हवा होता, ती बनवणं कंपनीने कधीचंच बंद केलेलं, आणि तिचा पिस्टन असा कोऱ्या करकरीत खोक्यात? खोके घरीच छापता का, असं त्याने शेठला विचारूनही टाकलं. शेठ हसला नाही.

मिस्त्रीचंही काय चुकलं म्हणा. गेल्याच महिन्यात इथला पिस्टन त्याने एका गाडीला बसवला आणि आठवड्यात इंजिन जाम झालं. चालत्या गाडीचं चाक आवळलं, चालवणारा रस्त्यावर आपटला, खांद्याचं हाड मोडलं. माल डुप्लिकेट होता, असं मिस्त्रीने बाजारभर सांगितलं. शेठ शपथा घेऊन थकला. पण इतक्या जुन्या गाडीचे पार्ट दुसरीकडे मिळत नाहीत, म्हणून मिस्त्री नाक मुठीत धरून पुन्हा त्याच दारात आला होता.

बरोबर मुलगी होती. सहा वर्षं बापाच्या गॅरेजात काम करत होती, अख्खं इंजिन एकटीने खोलायची. पण मायक्रोमीटरला हात लावायची तिला परवानगी नव्हती. तो फडक्यात गुंडाळून बापाच्या खिशात. माप घेणं हे माझं काम, असं तो म्हणायचा, आणि ती मान लांब करून आकडा बघायला लागली की पाठ फिरवायचा.

सिलिंडरचं माप चिठ्ठीवर लिहिलेलं होतं. पिस्टन त्याला अगदी जुळायला हवा, नाहीतर पुन्हा कुणाचा तरी खांदा. मिस्त्रीने पहिला पिस्टन मोजला. मायक्रोमीटरवरच्या दोन बारीक रेघांएवढा मोठा. दुसरा लहान निघाला, तिसरा परत मोठा. शेठ म्हणाला, तिन्ही एकाच मापाचे आहेत. मिस्त्री नुसता हुं म्हणाला. परत करताना त्याने शेठची नजर चुकवून प्रत्येकाच्या आतल्या बाजूला टाचणीने ओरखडे काढले. पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. तोच माल फिरवून गळ्यात मारायला मी काय कालचा आलोय?

शेठ तिन्ही खोके उचलून आत गेला. बराच वेळ नुसती खुडबुड. बाहेर आला तो एक मळका, कोपरे दबलेला खोका घेऊन. म्हणाला, हा शेवटचा, वडिलांच्या वेळचा.

मळका खोका बघून मिस्त्रीला बरं वाटलं. त्याने पिस्टन मायक्रोमीटरमध्ये धरला, दाराशी उजेडात नेला, हात लांब केला, जवळ आणला, पुन्हा लांब केला.

"बरोबर," तो म्हणाला. "हा अस्सल. बघितलंस पोरी? माल ओळखायला नजर लागते."

मग सवयीने त्याने आतून अंगठा फिरवला आणि नख अडकलं. एक ओरखडा. एकच.

शेठ पाठ करून खोका बांधायला दोरी शोधत होता. चोर रंगेहाथ सापडला होता. एक हाक मारली असती तर अर्धा बाजार गोळा झाला असता. मिस्त्रीने तोंड उघडलं, आणि ते तसंच राहिलं. हाच पिस्टन त्याने अर्ध्या तासापूर्वी दोन रेघा मोठा म्हणून परत केला होता. आता बरोबर म्हणाला होता. मायक्रोमीटर तोच, चिठ्ठी तीच, रेघा वाचणारे डोळेही तेच. मग गेल्या महिन्यातल्या पिस्टनचं माप कोणी चुकवलं होतं?

"काय झालं, बाबा?"

मिस्त्री मायक्रोमीटर फडक्याने पुसत राहिला, पुसून झाला तरी पुसत राहिला. मग तो त्याने तिच्या हातात ठेवला.

"तू मोज."

तिने आधी त्याच्याकडे पाहिलं. मग काउंटरपाशी उभ्या उभ्याच पिस्टन धरला, स्क्रू हलकेच फिरवला. तिला उजेडाकडे जावं लागलं नाही.

"सांगू का आकडा?"

मिस्त्री दाराकडे तोंड करून उभा होता.

"मला नको," तो म्हणाला. "शेठला सांग."