भिंतीसाठी एक फोटो

“हार घालता येईल असा एक फोटो पाहिजे,” लिंबाजी गुरुजी म्हणाले आणि त्यांनी पेन ड्राइव्ह काउंटरवर ठेवला. “युरोपच्या फोटोंतलाच निघेल. जरा घाई आहे.”

माउसवरचा नागेशचा हात थांबला. गंगाखेडच्या बसस्थानकासमोरच्या या स्टुडिओत हार घालायचे फोटो त्याने ढिगाने केले होते, पण गुरुजींचं घर त्याला स्वतःचं म्हणावं असं होतं. गुरुजींनी त्याला चौथीत शिकवलं होतं, पुढे पहिला कॅमेराही त्यांनीच हातात दिला होता. गुरुजींच्या बायकोच्या, सत्यशीलाकाकूंच्या, हातची भाकरी खाऊनच तो मोठा झाला.

गुरुजींच्या मांडीवर नांदेडच्या दवाखान्याची एक्स-रेची मोठी पिशवी होती. सदरा गळ्यापाशी ढगळ झाला होता. नागेश लग्नाच्या ऑर्डरीसाठी आठवडाभर बाहेरगावी होता, त्याला काहीच कळलं नव्हतं. आता कोणत्या तोंडाने विचारावं ते सुचेना. त्याने पंखा गुरुजींकडे वळवला आणि साइज विचारली.

“बारा बाय अठरा कर. खिळा कालच ठोकलाय. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरीखाली.”

काहीतरी बोलायचं म्हणून नागेश गिऱ्हाइकांबद्दल सांगू लागला. माणूस गेल्यावर लोक फोटो शोधतात. मग आधार कार्डावरचा फोटो घेऊन येतात, मोठा करून द्या म्हणतात. त्यात चेहरा पोलिसांनी धरून आणल्यासारखा असतो.

“त्याच धास्तीनं आलो,” गुरुजी म्हणाले. “जन्मभर मी फोटोचा नाद केला. माझ्या घरात आधारचा फोटो लागला तर गाव हसेल.”

पडद्यावर युरोप सुरू झाला. गेल्या उन्हाळ्यात मुलीने, नीलमने, हट्टाने दोघांना सहलीला धाडलं होतं. पॅरिसचा मनोरा आणि पुढे काकू, रोमचे पडके खांब आणि पुढे काकू. सगळीकडे सहावारी साडी, वर स्वेटर, पायात पांढरे बूट.

“ह्यो लय झकास हाय, गुरुजी. काकू हसायल्यात.”

“झकास आहे. पण कामाचा नाही. पुढं घे.”

नागेशने पुढे घेतलं. व्हेनिसची होडी, फुलांचे वाफे, बर्फ. प्रत्येक वेळी तो थांबायचा आणि प्रत्येक वेळी गुरुजी मान हलवायचे. त्यांचा आवाज उतरत चालला होता. नागेशला वाटलं, दुःखात माणूस असाच खोट काढत बसतो, एकही फोटो त्याच्या मनाला येत नाही. त्याने चहा मागवला. गुरुजींनी एक घोट घेऊन कप बाजूला सरकवला.

मग ते स्वतःहूनच बोलू लागले. कसली ती सहल, म्हणाले. पहाटे उठायचं, बॅगा दाराबाहेर ठेवायच्या, बसमध्ये बसायचं. उतरा, फोटो काढा, चढा. एवढे देश झाले, पण त्यांना विचाराल तर एकही धड आठवत नव्हता. पाहिलं ते सगळं काचेच्या भोकातून. उजेड बरोबर आहे का, क्षितिज सरळ आहे का, यातच दिवस मावळायचा. युरोप पाहिला तो सत्यशीलाने. कबुतरांना पाव घालणारी म्हातारी तिने पाहिली, पुलावर भांडणारं जोडपं पाहिलं. रात्री हॉटेलात ती सगळं सांगायची आणि हे उद्यासाठी बॅटरी चार्जिंगला लावत असायचे.

“तिला नुसतं इकडं सरक, तिकडं सरक करत राहिलो,” गुरुजी म्हणाले. “घटकाभर शेजारी उभं राहायला पाहिजे होतं रे.”

नागेशचे डोळे भरून आले. “लय माया करायच्या काकू,” तो म्हणाला. गुरुजींचं लक्ष नव्हतं, ते पडद्याकडे वाकून बघत होते.

स्वित्झर्लंडचं तळं आलं. इथे हळू घे, गुरुजी म्हणाले. इथेच कुठेतरी असेल. घरून नेलेल्या दशम्या आणि ठेचा त्यांनी या तळ्याकाठी खाल्ला होता. एक तळं, दुसरं तळं, बदकं. मग एक वाकडातिकडा फोटो आला. पाणी एका बाजूला कललेलं, कोपऱ्यात भिंगावर आलेलं कुणाचं तरी जाड बोट.

नागेशने तो झटकन पुढे सरकवला.

“थांब. मागं घे.”

नागेशने मागे घेतला. फोटोत हातात दशमी धरलेले गुरुजी एकटेच होते आणि तोंड भरलेलं असताना खदखदून हसत होते.

“हाच,” गुरुजी म्हणाले. “दशमी खायला मी कॅमेरा तिच्याकडं दिला होता. नको तिथं बटण दाबलं म्हणून रागावलो होतो तिला.”

“गुरुजी, ह्यात तर तुमीच दिसायलाव.” नागेश गोंधळला. “काकूंचा…”

तेवढ्यात गुरुजींच्या खिशात फोन वाजला. त्यांना ऐकू कमी यायचं, म्हणून त्यांनी स्पीकर लावला.

“अवं, उतरलाव का गाडीतून?” सत्यशीलाकाकूंचा आवाज दुकानभर झाला. “काय म्हणले डॉक्टर? आन् येताना कोथिंबीर आणा, वरणाला न्हाई.”

“काही नाही म्हणले. वयामुळं होतं म्हणले,” गुरुजी म्हणाले. “आणतो कोथिंबीर.”

त्यांनी फोन खिशात ठेवला, एक्स-रेची पिशवी काखेत धरली आणि काउंटरचा आधार घेत हळूहळू उठले.

“पाणी सरळ करून घे,” ते नागेशला म्हणाले. “कोपऱ्यातलं तिचं बोट मात्र राहू दे.”