चाचणीचं वाक्य

“तुम्हीच आमच्या गल्लीला गटाराचं पाणी पाजलंय. घराघरांत माणसं आजारानं आडवी पडली, तरी तुम्ही फोन उचलंना झालाय.”

राजारामपुरीतल्या कॉम्प्युटर क्लासात संयोगितानं माईक धरून चॅटबॉटला फैलावर घेतलं. पाण्याच्या ऑफिससाठी पोरांनीच तो बनवला होता. तो लोण्यागत मऊ आवाजात म्हणाला, “तुमचा त्रास आम्ही समजू शकतो. आपली तक्रार नोंदवली आहे. धन्यवाद.”

सर खूश झाले. “बघा, चिडलेलं माणूस बरोबर ओळखलं त्यानं. संयोगिता, चाचणीला वाक्य एक नंबर काढलंस की. कुठनं सुचलं?”

“सुचलं न्हाय, सर. सकाळीच आईला दवाखान्यात ठेवून आलोय.” तिनं माईक सरांच्या पुढ्यात सरकवला. “ह्यो म्हणतोय नोंदवली. आता तुम्ही सांगा, तिकडं वाचणार कोण हाय?”